दंड सोळा, मोंढा साडेसात

जाहीर निवेदन. पालम शहर व पंचक्रोशीतील तमाम बंधू-भगिनींना, व्यापारी मंडळींना, हमाल बांधवांना, आणि त्या दिवशी सकाळी मोंढ्याच्या फाटकापाशी चहा पीत उभ्या असलेल्या सर्व साक्षीदारांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गल्लीतील महिलांना ठोठावण्यात आलेला दंड सरकारी नव्हता. तो नगरपंचायतीचा नव्हता, पोलिसांचा नव्हता, वीज खात्याचा तर नव्हताच. तो आमच्या घरातून निघाला होता, शिलाई मशीनशेजारी ठेवलेल्या एका फोनमधून. संबंधितांनी नोंद घ्यावी. निवेदन संपले.

आता माईक बंद करून सांगतो.

मी निवेदक. पालममध्ये कुणाचं लग्न असो, कबड्डीचे सामने असोत, हरवलेली म्हैस असो की सापडलेला चष्मा, आवाज माझा असतो. माझ्याकडे एक रिक्षा आहे, तिच्या टपावर दोन कर्णे आहेत, आणि घशात जे काही आहे ते मी फुकट वाटत नाही. आमच्या आजोबांना गावात दवंडी द्यावी लागायची. ‘लागायची’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. हुकूम दुसऱ्याचा आणि पाय आजोबांचे. छप्पन साली दीक्षा घेऊन ते घरी आले आणि त्यांनी गावकीच्या बाकीच्या कामांबरोबर ती दवंडीही सोडली. पुढे नातवानं पुन्हा ओरडायचाच धंदा धरला, यावर आमच्या घरात पुष्कळ हसणं झालं. पण रिक्षा माझी, कर्णे माझे, आणि काय ओरडायचं ते मी ठरवतो. न पटलेलं निवेदन मी परत करतो. एकदा एका पुढाऱ्याचं केलं होतं. तो अजून रस्त्यात दिसला की मान वळवतो, आणि मी मुद्दाम हॉर्न वाजवतो.

अलीकडे माझ्या धंद्यात एक बाई शिरली. फोनमधली. मजकूर टाइप करून दिला की ती गोड आवाजात वाचून दाखवते. ना तिला चहा लागतो ना तिचा घसा बसतो. एका कापड दुकानदारानं राणीसावरगावात नवं दुकान काढलं आणि जाहिरात तिच्याकडून वाचून घेतली. दिवसभर कर्ण्यातून एकच चाललं होतं: “राणी... सावर... गाव!” बाजारात म्हातारी माणसं एकमेकांना विचारायला लागली की कोणती राणी घसरून पडली आणि गावानं तिला सावरायचं म्हणजे नेमकं काय करायचं. दुसऱ्या दिवशी दुकानदार माझ्या दारात उभा. मी एका दमात ‘राणीसावरगाव’ म्हणून दाखवलं. त्या एका शब्दाचे मी जास्त पैसे लावले.

म्हणून मी नव्या गोष्टींचा वैरी आहे असं कुणी समजू नये. मला त्यांचा भारी शौक. घडी घालता येणारा फोन निघाला तेव्हा तो बघायला मी एसटीनं परभणीला गेलो होतो. दुकानदारानं हातात दिला. मी घडी घातली, उघडली, पुन्हा घातली, त्याला मनापासून धन्यवाद दिले आणि पुढच्या गाडीनं परत आलो. फोटोतून नको असलेला माणूस पुसून टाकायची सोय आली तेव्हा मी सगळ्यात आधी माझ्या साडूला पुसलं. त्याच्या जागी फोननं मागची बाभळ अशी सुरेख उगवली की खुद्द बायकोलाही आपला मेव्हणा गेल्याचं बराच वेळ कळलं नाही.

तर, बायको.

तिचं ब्लाउज शिवायचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. तिच्या हातच्या शिलाईची कीर्ती गंगाखेडपर्यंत आहे असं ती म्हणते, आणि मला तपासून बघायची हिंमत नाही. तिची माप घ्यायची पद्धत मात्र जगात कुठं नसेल. दोन्ही हातात टेप धरून ती गिऱ्हाइकाभोवती फिरते आणि आकडे मोठ्यानं पुकारते. “छाती छत्तीस! मुंढा साडेसात! दंड चौदा! गळा मागून मोठा, पुढून न्हाई!” पडद्याच्या अलीकडे बसून ते लिहून घ्यायचं काम माझं. शिंपीकामाचे शब्द ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: बाही जिथं खांद्याला जोडतात तो मुंढा, आणि खांद्यापासून कोपरापर्यंत जो हाताचा भाग, तो दंड. पैलवान थोपटतो तोच. हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढं सगळं रामायण या दोघांचंच आहे.

गेल्या साली जयंतीच्या तोंडावर गोष्ट घडली. आमच्याकडे नुसतं ‘जयंती’ म्हटलं की कोणाची हे विचारावं लागत नाही. मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या बायांचं लेझीम पथक पुढं असतं. पांढरी साडी, निळं ब्लाउज. पण ती ब्लाउजं दरवर्षी परभणीहून तयार आणलेली. कुणाला ढगळ, कुणाला घट्ट, आणि लेझीम वर नेली की कुणाच्या तरी काखेत टर्रकन् आवाज. माझी बायको दरवर्षी मिरवणुकीच्या कडेनं चालायची आणि लेझीमकडं बघायचीच नाही. काखा मोजायची. “त्या तिसरीचा मुंढा बगा. अशानं हात वर जाईल का?” वर्षानुवर्षे तिची एकच इच्छा: पुढची रांग माझ्या हातची पाहिजे, प्रत्येकीला तिच्या मापाचं.

अखेर त्या साली महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी होकार दिला. या अध्यक्षीणबाई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका. अंगानं भरदार, बोलण्यात कडक. आयुष्यात कधी बिनतिकीट बसले नाही, कधी उशिरा पोचले नाही, कधी कुणाचं बोलणं खाल्लं नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लेझीम पथकाच्या पुढं त्या असतात. त्यांनी हो म्हटलं म्हणजे सगळ्या पथकानं हो म्हटलं. त्या संध्याकाळी बायको जेवताना चक्क गुणगुणत होती.

अडचण एकच. जयंतीच्या दिवसांत माझी रिक्षा सकाळपासून रस्त्यावर. मग आकडे कोण लिहिणार?

माझ्यातला शौकीन जागा झाला. मी एक नवं ॲप आणलं, दुकानदारांसाठी काढलेलं. आपण नुसतं बोलायचं. ते ऐकतं, समजतं, मापं गिऱ्हाइकाच्या नावापुढं मांडतं, कापड किती लागेल सांगतं, आणि गिऱ्हाइकाला आपोआप मेसेजही पाठवतं. सगळं मराठीतून. मी ते मोठ्या थाटात बायकोच्या फोनवर चढवलं. मशीनशेजारी फोन उभा केला, त्याला झेंडूचं फूल वाहिलं आणि तिला म्हटलं, “बोल.”

ती फोनकडं बघून म्हणाली, “आमी बोलू का?”

पडद्यावर उमटलं: ‘आर्मी बोलू का.’

“मला हे जमायचं न्हाई.”

‘मला हे जमायचे न्हावी.’

“अगं माय! न्हाव्याला कोणी बोलिवलं?”

मी पोट धरून हसलो. मग माझा निवेदकाचा आवाज काढून फोनला म्हटलं, “मला हे जमणार नाही.” अक्षर न् अक्षर बरोबर उमटलं. आतली बाई अदबीनं म्हणाली, “हरकत नाही, आपण पुन्हा प्रयत्न करू या.” खरं सांगतो, छाती फुगली.

“बघ,” मी बायकोला म्हटलं, “जरा शुद्ध बोल. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’. ‘लय’ नाही, ‘फार’. ती पुण्याची बाई आहे, तिला आपलं कळत नाही.”

बायकोनं टेप गळ्यात टाकला आणि कमरेवर हात ठेवले. “मला एक सांगा. ती माझ्याकडं कामाला आलीय का मी तिच्याकडं?”

“ती तुझ्याकडं.”

“मग बोली कुणाची चालंल?”

रिक्षाला उशीर होत होता. निघता निघता मी ॲपमधला उरलेला मजकूर घाईनं भरला. दुकानाचं नाव विचारलं होतं. सवयीनं बोट चाललं आणि मी माझ्या धंद्याचं नाव टाकलं: ‘जाहीर निवेदन’. आपोआप मेसेज जावेत का? मी ‘हो’ दाबलं. जिथं तिथं ‘हो’ दाबायची मला हौसच.

दुपारभर बायकोनं पथकातल्या बायांची मापं घेतली. नेहमीसारखी, मोठ्यानं पुकारून. फोन निमूटपणे ऐकत होता. आमची घरं जेवून आडवी झाली तेव्हा गल्लीतल्या घराघरात मेसेज पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा घेऊन मोंढ्याकडून चाललो होतो. मोंढा म्हणजे आमच्या गावचं धान्याचं मार्केट. तिथं सकाळी हमाल असतात, व्यापारी असतात, पोत्यांवर चिमण्या असतात. बाया नसतात. त्या दिवशी फाटकापाशी आमच्या गल्लीतल्या बाया रांगेनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मुठीत चिल्लर. रांगेच्या पुढं अध्यक्षीणबाई, हातात फोन, चेहऱ्यावर असा भाव की मोंढ्यातले बैलही जागीच उभे.

एक हमाल माझ्या रिक्षापाशी आला. “मालक, ह्या बाया काय म्हनायल्यात? दंड कुठं भरायचा म्हनून इचारायल्यात. आमी कधीपासून दंड घ्यायलोत?”

मी खाली उतरलो. एक तरुण सून दुसरीला म्हणत होती, “तुला बाराच? मग मला चौदा कामून? मी काय जास्त गुन्हा केलाय?”

“आन् मला तर सातला बोलिवलं. तुला?”

“मला पावणेसात. हजर हाय मी तवापासून.”

अध्यक्षीणबाईंनी मला पाहिलं आणि फोन थेट माझ्या नाकासमोर धरला. “वाचा. तुमचा आवाज चांगला हाय. मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं, पण मोठ्यानं नाही. ‘जाहीर निवेदन. प्रिय ग्राहक, आपली नोंद झाली आहे. दंड: सोळा. मोंढा: साडेसात. काही चूक असल्यास उद्या सकाळी भेटावे.’

मुंढ्याचा मोंढा झाला होता. आणि दंडाचा दंडच राहिला होता, पण कसला!

“साऱ्या पथकात सगळ्यात जास्त दंड मला,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “जन्मात मी कधी बिनतिकीट बसले न्हाई. रात्रभर इचार करायलेय, मी केलं तरी काय. म्हनलं जाऊ दे, सरकारचं हाय तर भरून टाकू. साडेसातच्या आधी आलेय मी.”

रांगेतल्या सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. व्यापारी दुकानांतून बाहेर आले होते. हमालांनी पोती खाली ठेवली होती. असा भरलेला समुदाय समोर असला की माझा हात आपोआप माईककडं जातो. हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. मी रिक्षाच्या पायरीवर चढलो.

“जाहीर निवेदन!” कर्णे कडाडले. “उपस्थित भगिनींनी घाबरून जाऊ नये! दंड म्हणजे दंड नव्हे! दंड म्हणजे...” आणि मी बाही वर सारून स्वतःचा दंड थोपटला. “...दंड! सदर आकडे इंचात आहेत! मोंढा म्हणजे मोंढा नसून मुंढा आहे! आपल्या ब्लाउजची मापं आहेत! चिल्लर परत खिशात ठेवावी!”

आधी एका सुनेला हसू फुटलं, मग दुसरीला, आणि मग सगळा मोंढा हसला. हमाल एकमेकांचे दंड मोजायला लागले. एका व्यापाऱ्यानं तराजूच्या काट्याला हात टेकून डोळे पुसले. इतकी दाद मला लग्नाच्या मांडवातही कधी मिळालेली नाही.

एकच व्यक्ती हसत नव्हती.

“म्हंजे,” अध्यक्षीणबाई सावकाश म्हणाल्या, “माझा दंड सोळा इंच हाय, हे तुमी मोंढ्यात कर्ण्यावरून सांगितलं.”

मी माईक खाली ठेवला.

“संध्याकाळी विहारात बैठक हाय मंडळाची. परभनीला फोन करून तयार ब्लाउजं सांगते. घरी सांगा तुमच्या.”

आणि त्या गेल्या. मागून पथकही गेलं. हसू दाबत, पण गेलं.

घरी आलो तर बायकोला सगळं आधीच कळलेलं. पालममध्ये बातमी माझ्या रिक्षापेक्षा वेगानं जाते. मला वाटलं होतं फोन अंगणात पडलेला दिसेल. पण ती मशीनसमोर ताठ बसली होती आणि फोन तिच्या समोर उभा होता, वर्गात अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखा. कालचं फूल तिनं काढून टाकलं होतं.

“पुढची रांग गेली,” ती म्हणाली. एवढंच. निळ्या कापडाचा गठ्ठा तिच्या मांडीवर होता आणि ती त्यावरून उगीचच हात फिरवत होती.

मी म्हटलं, “मी ते ॲप काढून टाकतो. नाहीतर असं करू, आकडे मी शुद्ध मराठीत सांगतो, तू नुसतं माप...”

“बसा गप.” तिनं फोन जवळ ओढला. “ह्याच्यात शब्द शिकवायची जागा हाय. कालच दिसली मला. तुमी ‘हो’ दाबायच्या नादात बघितली न्हाई.”

होती खरी. मी चढवलेली आवृत्ती अगदी नवी होती आणि तिच्यात आपल्या बोलीतले शब्द शिकवता येत होते. मी पायरीवर बसून तो पाठ ऐकला. आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, त्यातली बरीचशी स्वतःचीच. पण तसं काही ऐकलं नाही.

“‘दंड’ या शब्दाचा आपल्या दुकानात काय अर्थ आहे?” बाईनं विचारलं.

“तुला हात हाय का?”

“मी एक सॉफ्टवेअर आहे. मला हात नाहीत.”

“मग कसं कळंल तुला, माय. सांगते. खांद्याच्या खाली, कोपराच्या वर, जिथं बाया काकणाच्या वर ताईत बांधतात, तेवढा दंड. तिथं माप घ्यायचं, पैसे न्हाई घ्यायचे.”

“समजले. दंड म्हणजे खांदा आणि कोपर यांमधील हाताचा घेर. ‘मोंढा’ म्हणजे?”

“मोंढा न्हाई, मुंढा! मोंढ्यात ज्वारी विकतेत. मुंढ्याला बाही बसते. ह्या दोघांना परत एका जागी आणू नको, लय महागात पडलंय.”

“‘लय महागात’ म्हणजे संगीतातील लय का?”

“लय म्हंजे लय! फार. खूप. तुझ्या भाषेत ‘अतिशय’. आमाला इतका वेळ न्हाई बोलायला, म्हनून लय.”

असं बराच वेळ चाललं. न्हाई म्हणजे न्हावी नव्हे. आमी म्हणजे फौज नव्हे. हाय म्हणजे इंग्रजीतलं रामराम नव्हे. ‘शिवते आहे’ला आम्ही ‘शिवायलेय’ म्हणतो, तिथं मात्र ती बाई अडली. “आपण ‘मी शिवायलेय’ म्हणालात. म्हणजे आपल्याला कोणी शिवायला लावले आहे का?”

बायकोनं टेपाचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मला कुनी लावलं न्हाई,” ती म्हणाली. “मी आपल्या मनानं शिवायलेय.”

मला तिथं बसल्या बसल्या आमचे आजोबा आठवले. उठून आत जाऊन पाणी पिऊन आलो.

शेवटी पडद्यावर एक प्रश्न उमटला: हे शब्द इतर दुकानदारांच्याही उपयोगी पडावेत म्हणून जतन करायचे का? मी आयुष्यात पहिल्यांदाच ‘हो’ दाबलं नाही, तिच्याकडं पाहिलं. तिनं स्वतःच्या बोटानं दाबलं. “कुठं तरी दुसरी एखादी बाई असंल माझ्यासारखी,” ती म्हणाली. “तिच्या गिऱ्हाइकाला तरी मोंढ्यात जावं लागू नये.”

मग तिनं पदर खोचला, टेप गळ्यात टाकला, फोन हातात घेतला. “चला.”

“कुठं?”

“विहारात.”

बैठक सुरू झालेली होती. अध्यक्षीणबाई सतरंजीवर मधोमध, परभणीच्या दुकानदाराचा नंबर समोर काढून ठेवलेला. बायको दारातूनच म्हणाली, “ताई, फोन करायच्या आधी एक डाव उभं राहा. तुमचं माप परत घेते. सगळ्यांसमोर. चुकलं तर मीच परभनीला जाऊन तयार ब्लाउजं घिऊन येते.”

“परत सोळा सांगायचंय का सगळ्यांना?”

“पथकाच्या पुढं चालायला हात तसाच लागतो, ताई. बारीक दंडाच्या बायांनी लेझीम धरली तर लेझीमच त्यांना धरती.”

बाया हसल्या. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत, पण उभ्या राहिल्या.

मी दारात थांबलो, माझ्या तोंडाला त्या दिवशी पुरेसं काम झालं होतं. बायकोनं फोन खिडकीत ठेवला आणि टेप फिरवला. आकडे पुकारले नेहमीसारखेच, मोठ्यानं, एक अक्षर न बदलता. फोननं वाचून दाखवलं: मुंढा साडेसात, दंड सोळा इंच. कुठंही मोंढा नाही, कुठंही वसुली नाही.

अध्यक्षीणबाईंना पटलं नाही. “हिनं घरी शिकवून आनलंय त्येला. मी बोलते.” त्या खिडकीपाशी गेल्या आणि फोनवर ओणवून, अंगणवाडीतल्या सगळ्यात मागं बसलेल्या लेकराशी बोलावं तशा खणखणीत बोलल्या: “बाही कोपरापोत्तर ठिव. लय घट्ट नको. मला लेझीम खेळायची हाय, कळलं का?”

फोन जरासा थांबला. बायकोचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिच्या आयुष्यभराच्या इच्छेचा निकाल आता त्या खिडकीत होता.

“नोंद केली,” फोनमधली बाई म्हणाली. “बाही कोपरापर्यंत. फार घट्ट नको. ग्राहक लेझीम खेळणार आहेत, म्हणून हात वर जाण्यासाठी मुंढ्यात मोकळीक ठेवावी.”

मोकळीक ठेव असं कुणीच सांगितलं नव्हतं. ते तिनं आपणहून ओळखलं होतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, “हे तर माझ्या सुनंलाबी कळत न्हाई.” आणि सून शेजारीच बसलेली.

अध्यक्षीणबाईंनी परभणीचा नंबर बाजूला सारला, पण मान डोलावली नाही. “आधी माझं एक शिव. अंगात घालून बघते. बसलं तर बाकीच्यांची. न्हाई बसलं तर परभनी.”

बायकोनं ते एक ब्लाउज ज्या निगुतीनं शिवलं, त्या निगुतीनं आमच्या लग्नातलंही शिवलं नसेल. अस्तर दोनदा उसवलं. माझी झोपमोड झाली म्हणून मी कुरकुर केली, तर म्हणाली, “तुमी जाऊन तुमच्या पुण्याच्या बाईशी शुद्ध बोला.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी अध्यक्षीणबाई आल्या, आणि मागून अख्खं पथक. पुढची खोली भरली, ओटा भरला, मला माझ्याच घरातून बाहेर काढण्यात आलं. मी दारासमोर रिक्षात जाऊन बसलो. आत पडदा ओढल्याचा आवाज झाला. मग बायकोचा आवाज: “हात वर घ्या, ताई. आनखी वर. लेझीम हाय असं समजा.”

मी कान दिला. टर्रकन् आवाज व्हायचा तर आताच होणार होता. पायांचा ठेका ऐकू आला. जड, एका लयीतला, आणि इथं लय म्हणजे लयच. खिडकीतली भांडी थरथरली. टाचा आपटल्या, काकणं वाजली, आणि टर्रकन् काही झालं नाही.

इथं एक तांत्रिक खुलासा करणं भाग आहे. रिक्षात बसल्यावर माईक माझ्या मांडीवर होता आणि त्याचं तोंड खिडकीकडं होतं. त्याचं बटण चुकून चालू राहिलं, असं मी तेव्हा सांगितलं आणि आजही तेच सांगतो. बायकोला ते पटत नाही. अध्यक्षीणबाईंना पटतं, की त्यांनी पटवून घेतलंय, मला ठाऊक नाही. मिरवणुकीत पुढच्या रांगेत हात आभाळाला लावून त्या नाचल्या तेव्हा माझ्याकडं बघून त्यांनी एक डोळा बारीक केला होता, एवढं मात्र खरं. त्या मिरवणुकीत मी कर्ण्यावरून एकच निवेदन केलं: पुढची रांग, शिलाई आमच्या घरची. दर चौकात. दोनदा.

पण ते नंतर. त्या दुपारी पडदा सर्रकन् बाजूला झाला, निळ्या ब्लाउजमध्ये अध्यक्षीणबाई दारात आल्या, दोन्ही हात डोक्यावर नेले, स्वतःच्याच दंडाकडं कौतुकानं बघितलं, आणि माझ्या दोन्ही कर्ण्यांतून गल्ली, बाजार आणि थेट मोंढ्यापर्यंत त्यांचा आवाज गेला:

“बायांनो, भरला गं माझा दंड! सोळाच्या सोळा, लय भारी भरला!”